या खेपेला सूप हलू दे

प्रिय खेम,

काल विसेतचा फोन आला होता. जावई आपण होऊन सासूला फोन करतो तेव्हा एक तर त्याचा ट्रक कुठेतरी रुतलेला असतो, नाहीतर बायकोने त्याला पुढे केलेलं असतं. म्हणून मी हातातलं काम ठेवून नीट बसले. तो म्हणाला, "आई, दिवस भरत आलेत. कोप म्हणतेय, मे-खेमला बोलावून घ्या." आणि पुढे नुसती खरखर. मी म्हटलं, "मग बोलवा की. एवढं काय अडखळायचं त्यात?" तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. शहाणा मुलगा आहे, जास्त बोलला नाही. मीही विचारलं नाही की मग माझं काय. सगळा जन्म या जिल्ह्यातल्या बायकांची बाळंतपणं करण्यात गेला, आणि पोटच्या मुलीने बोलावलं कोणाला, तर जिला कोंबडी कापलेली बघवत नाही त्या माझ्या धाकट्या बहिणीला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण रागावलेले नाही. तूच जा. या वेळी तूच जायला हवं.

हे पत्र आणि एक गाठोडं बसवाल्याकडे दिलं आहे. तो साव्हानाखेतला तुझ्या दुकानासमोरच थांबतो म्हणाला. गाठोड्यात माझ्या जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे आहेत, उकळून, उन्हात वाळवून, इस्त्री केलेले. त्यांनी भांडी पुसू नकोस. लोकरीची टोपी आहे, ती आमच्या केंद्रातल्या सेंगदाओने विणली आहे, म्हणून एका बाजूला मोठी झाली आहे. पादेकची, त्या आंबवलेल्या माशांची, बरणी तुझी, बाळंतिणीची नाही. आणि जाडा कोट घेऊन जा, कोपच्या पाक्सोंगला या दिवसांत बोलताना तोंडातून वाफ निघते. तू आयुष्यभर नदीकाठच्या उकाड्यात वाढलेली, तुला तो गारठा बाधेलच, पण मला काळजी आहे ती तुझी नाही. पहिली गेली. ही दुसरी खेप. हे बाळ जगायला हवं, खेम, बाकी कोण कोणाशी बोलतं आणि कोण नाही, ते मागाहून बघू. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू ऐकत नाहीस, नुसती बोलतेस.

इकडचं म्हणशील तर आरोग्य केंद्राला नवं छप्पर आलं. जुनं जिथे गळायचं तिथे आता गळत नाही, दुसरीकडे गळतं. सेंगदाओला तू पाहिलं आहेस, गोरी, बुटकी, सतत काहीतरी चघळणारी. आता ती माझ्याइतकीच बाळंतपणं करते आणि माझ्यापेक्षा बरी करते, कारण ती बायकांवर ओरडत नाही. मागच्या महिन्यात प्रांताहून तपासणीला लोक आले. त्यांनी बाहुली पुढे ठेवली आणि म्हणाले, करून दाखवा. सेंगदाओने घडाघडा करून दाखवलं. आधी बाळ कोरडं पुसायचं, मग आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, नाळेतले ठोके थांबेपर्यंत कात्री लावायची नाही, बाळ स्वतः तोंड उघडून शोधू लागलं की पाजायचं, आंघोळीची घाई नाही. पाहुणे खूश झाले. ते गेल्यावर तीच म्हणाली, "ताई, बाहुलीवर सगळेच पास होतात. बाहुलीला आजी नसते ना." मी इतकी हसले की पोट दुखलं, आणि मग दिवसभर मला करमेना. कारण चुकतं ते तिथेच. शिकलेलं सगळ्यांना पाठ असतं. पण दारात आजी उभी असते, आत्या उभी असते, बाळ अजून रक्ताने माखलेलं असतं आणि त्या म्हणतात, "आधी धुऊन दे गं पोराला, कसं दिसतंय ते." मग आपलीच शिकलेली नर्स शरमते, बाळाला आईपासून उचलते, आंघोळ घालते, पावडर लावते आणि स्वच्छ गाठोडं करून आजीच्या हातात देते. सगळे तिचं कौतुक करतात. बाळाचे पाय गार पडलेले असतात, ते कोणी बघत नाही.

मीही कौतुक ऐकलेलं आहे, म्हणून सांगते. आणि कोप जन्मली तेव्हा तर मी कौतुक करून घेण्याच्याही अवस्थेत नव्हते. नुकती नर्स झालेली, स्वतःला फार शहाणी समजणारी, पण कळा सुरू झाल्यावर सगळा शहाणपणा गळाला. सासूबाईंनी तिला आंघोळ घातली, सुपात ठेवलं, आणि सूप हलवत दाराकडे तोंड करून त्या भुतांना म्हणाल्या, "तुमचं असेल तर आजच घेऊन जा. आजनंतर हे आमचं." मग घरातल्यांना विचारलं, कोणाचं हे पोर. मी बाजेवर पडून खालच्या निखाऱ्यांनी भाजून निघत होते, मान वर करून बघत होते. तू पुढे आलीस, आईचं ते जुनं चांदीचं नाणं सुपात टाकलंस आणि म्हणालीस, "माझं. इतकं कुरूप पोर दुसरं कोण घेणार? बेडकी आहे नुसती." सगळ्या बायका हसल्या. कुरूप म्हटलं, विकत घेतलं, आता भुतांना त्यात काही रस उरला नाही. बेडकी म्हणजे कोप, तेच नाव चिकटलं. दाओवोन हे शाळेतलं नाव तिला स्वतःलाही ओळखीचं वाटत नाही. विकत घेणाऱ्या बाईच्या वळणावर पोर जातं म्हणतात. मी असल्या गोष्टींना हसायचे, पण ती तुझ्याच वळणावर गेली. तुझ्यासारखी मोठ्याने हसते, तुझ्यासारखी लगेच रडते, भातही तसाच करपवते. सगळी मुलं मावशीला मावशी म्हणतात, ही तुला मे-खेम म्हणते, खेम-आई. मला नुसतं आई.

याचा मला कधी मत्सर वाटला नाही असं मी लोकांना सांगत आले. वाटायचा. तिला ताप असायचा आणि मी कोणाच्या तरी अंगणात उकळत्या पाण्याची वाट बघत बसलेली असायचे. तिने पहिलं पाऊल टाकलं ते तुझ्याकडे. तिला पाळी आली ते तिने तुला सांगितलं. माझ्याकडे ती यायची ती केंद्रात, भिंतीवरच्या चित्राखाली बसून अभ्यास करायला. पुसा, छातीवर घ्या, पाजा, बेंबी कोरडी ठेवा, अशी चित्रं एकाखाली एक होती. त्या चित्रांखालीच ती मोठी झाली, म्हणून माझी अशी समजूत झाली की तिला वेगळं काही सांगायची गरज नाही. जगातल्या सगळ्या मुलींना बसवून सांगितलं. घरातली राहिली.

तिचं पहिलं बाळंतपण माझ्या हातून झालं हे तुला माहीत आहेच, तू बाहेर बाकावर डोळे मिटून बसली होतीस. पण आत काय झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही. इतकं सुरळीत बाळंतपण मी क्वचित केलं असेन. पोर बाहेर आलं ते ओरडतच. मी पुसलं आणि कोपच्या छातीवर ठेवलं. कोपने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, ही गरम आहे." एवढंच. तेव्हा मला वाटलं की आता या मुलीशी माझं जुळलं. नाळेतले ठोके थांबेपर्यंत मी तिथेच उभी राहिले, दोघींवर एक पांघरूण घालून. पोरीने स्वतःहून तोंड लावलं. माझ्या बाळंतपणात मला असं कोणी शिकवलं नव्हतं आणि करू दिलं नव्हतं, ते मी माझ्या मुलीला देऊ शकले, याचा मला इतका अभिमान वाटला की डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

मग तुम्ही आत आलात. विसेतच्या आईच्या हातात सूप होतं, तुझ्या मुठीत नाणं. आणि मी, सगळ्यांच्या देखत, नर्सच्या आवाजात म्हटलं, "इथे सूप-बीप काही नाही. बाळ आईजवळून हलणार नाही." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. वर म्हटलं, "आणि बघा तरी किती सुंदर आहे." विसेतच्या आईने सूप पाठीमागे लपवलं, जणू चोरी करताना सापडल्या. तू हसायचा प्रयत्न केलास, "ताई, सुंदर कुठली, माकडासारखी तर आहे," असं पुटपुटलीस, पण मी तुला गप्प केलं. बाळाला तेव्हा गारठू द्यायचं नव्हतं हे माझं बरोबरच होतं. पण दुसऱ्या दिवशी, उबदार खोलीत, पोट भरलेलं असताना, क्षणभर सुपात ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. मला तेव्हा जिंकायचं होतं, खेम. सासूबाईंवर, तुझ्यावर, त्या नाण्यावर.

आता आम्ही केंद्रात तेच करतो, हे तुला ऐकून नवल वाटेल. सेंगदाओची युक्ती. पहिलं दूध पिऊन झालं की ती स्वतःच विचारते, "आजी, सूप आणलंय ना?" सुपात उबदार कापड घालते, आजी मंत्र म्हणते, कोणीतरी शिव्या देत बाळ विकत घेतं आणि बाळ परत आईच्या छातीवर. आज्या इतक्या खूश असतात की आंघोळीचा हट्ट विसरून जातात. परवा एकीने नातवाला "सडका भोपळा" म्हणून विकत घेतलं आणि मग स्वतःच त्याला उघड्या छातीशी धरून बसली, कारण सून शौचाला गेली होती. म्हणाली, "मला आधी कोणी सांगितलं असतं तर माझीही सगळी अशीच धरली असती." मी बाहेर जाऊन उभी राहिले. मला सोसेना.

पुढचं तुला माहीत आहे, निदान तू तसं समजतेस. मला जिल्ह्याच्या गावी शिकवायला बोलावणं आलं. कोप माझ्या घरी बाजेवर होती, खाली निखारे, जवळ तू. मी म्हटलं, खेम आहे, काळजी नाही, आणि निघाले. परत आले तेव्हा तू दारातच म्हणालीस, "ताई, सकाळपासून पीत नाहीये, झोपूनच आहे." मी हात लावला, तर निखाऱ्यांच्या खोलीत पोर गार. आपण गाडी मिळवली, मी तिला माझ्या अंगाशी बांधून घेतलं, इस्पितळात पोहोचलो, पण उशीर झाला होता. नाव ठेवायचंही राहून गेलं. कोपने मला रडू दिलं नाही. म्हणाली, "तू तिला विकत घेऊ दिलं नाहीस. वर सुंदर म्हणालीस. त्यांनी ऐकलं आणि नेलं." विसेत म्हणाला, "अगं, काय बोलतेस," पण ती माझ्याकडेच बघत होती, उत्तरासाठी. मी म्हटलं, "हो." तू त्या रात्री भात वाढताना म्हणालीस, "ताई, एवढं तरी ऐकायचं होतंस." त्यावरही मी हो म्हटलं. तुला तेव्हा आश्चर्य वाटलं असेल, मी आणि हो. मग ते दोघं कॉफीच्या मळ्यात कामाला म्हणून वर पाक्सोंगला गेले आणि तेव्हापासून कोप माझ्याशी बोललेली नाही. सणाला विसेत फोन करतो, मागे तिचा आवाज येतो, भांडी आपटल्याचा.

तर आता नीट ऐक. कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही, इस्पितळात जायचं. तिथल्या सुईणीशी गोड बोल, तुला ते जमतं, मला जमत नाही. बाळ पुसून थेट कोपच्या छातीवर, वरून टोपी आणि पांघरूण. आंघोळ घालायला कोणी पुढे आलं तर तू रडायला लाग, ते कोणीही थांबवू शकत नाही. पहिलं पिवळं दूध पिळून टाकू देऊ नकोस. आणि बाळ प्यायलं, गरम झालं, की विसेतच्या आईला सूप आणू दे. तू विकत घे. तोंडाला येईल ते कुरूप नाव ठेव, बेडूक म्हण, खेकडा म्हण, कोपला मोठ्याने ऐकू जाऊ दे. तिचं मन त्याशिवाय शांत होणार नाही आणि आईचं मन शांत नसेल तर दूध उतरत नाही, हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नंतर कधी बाळ प्यायचं थांबलं, गार किंवा तापलेलं लागलं, बेंबीभोवती लाली दिसली, तर मनगटाला दोरे बांधणाऱ्या म्हाताऱ्याची वाट न बघता गाडी काढायची.

आता ज्यासाठी बसले होते ते. हे सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि तू पाक्सोंगला जाणार नसतीस तर मरेपर्यंत सांगितलं नसतं. त्या दिवशी मी पोरीचं कापड उघडलं तेव्हा बेंबी लाल, टणक होती आणि तिच्यावर तांबूस भुकटी लावलेली होती. कुंभारीण माशीच्या घरट्याची माती, भाजून कुटलेली. आपली आई लावायची तीच. माझ्या स्वयंपाकघराच्या तुळईवरचं घरटं नुकतंच खरवडून काढलेलं होतं, आणि स्टुलावर चढून तिथे पोहोचणारी घरात तूच होतीस. कोपच्या नखात तीच माती होती. तू प्रेमाने काढून दिलीस, तिने प्रेमाने लावली, आणि मी त्याच वेळी परक्या गावात तीस नर्सांकडून वदवून घेत होते की बेंबीला काहीही लावायचं नाही. त्यानेच गेली का, हे शपथेवर मी सांगू शकत नाही. आपण सगळी भावंडं त्याच मातीतून जगलो. पण मी खूप बेंब्या पाहिल्या आहेत, खेम. इस्पितळाच्या वाटेवरच मी तिची बेंबी थुंकीने पुसून काढली, म्हणजे डॉक्टर कोपसमोर विचारणार नाहीत. आईवर रागावून बाई जगू शकते, मी पाहिलं आहे. पण हे कळून ती जगली नसती. म्हणून मी हो म्हटलं. तुलाही हे कळायला नको होतं, पण पाक्सोंगलाही कुंभारीण माशा असतात आणि तुझे हात मला माहीत आहेत. रडून घे, आज घे, तिच्यासमोर नको. बेंबीवर माती नाही, तेल नाही, राख नाही, काही नाही. कोपने विचारलं तर तिथल्या नर्सने सांगितलं म्हण, माझं नाव घेऊ नकोस. ती सुपालाच दोष देत राहू दे, मलाच देत राहू दे. आणि बाळ झाल्यावर मुलगा की मुलगी, कोणावर गेलंय, ते मला लगेच कळवलं नाहीस तरी चालेल. फक्त नाळ कोरडी होऊन गळून पडली, की तेवढं एक कळव.

तुझीच,
पथुम्मा ताई